कव्हरातली हवा

ढोकेभाऊंवर लिहायचं तर आधी माझी स्वतःची एक चूक सांगावी लागते, म्हणून इतके दिवस टाळत आलो. आता टाळत नाही. गावाचं नाव मात्र घेणार नाही. वाशीम जिल्ह्यातलं, मालेगावहून शेलूबाजारकडे जाताना मोठ्या सडकेवर लागणारं बाजाराचं गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर दुसऱ्या दिवशी चार माणसं दारात येऊन उभी राहतील, आणि माझ्यात आता भांडायचा दम नाही.

उत्तमराव ढोके आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होते. मी भौतिकशास्त्र शिकवायचो, अजूनही शिकवतो. माणूस उंच, वाळका, दारातून येताना सवयीनं मान खाली घालणारा. पॅन्ट घोट्याच्या वर. चालायचे असे, की त्यांच्यासोबत निघालेला माणूस दहाव्या पावलाला मागे पडायचा. मी एकदोनदा त्यांच्याबरोबर बसस्टँडपर्यंत गेलो आणि नंतर तो नाद सोडला.

प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं की आधी दिसायची ती कव्हरं. एकूण एक यंत्राला कव्हर. ती सगळी त्यांच्या घरी, कौसल्यावहिनींच्या हातमशीनवर शिवलेली. जुन्या पॅन्टी, रेक्झिनचे तुकडे, स्नेहसंमेलनाचे फाटके बॅनर, काहीही चालायचं. गॅल्व्हानोमीटरच्या कव्हराला चक्क कॉलर होती, कारण ते मुळात कुणाचा तरी सदरा होतं. आम्ही मास्तर लोक हसायचो. एक जण म्हणायचा, ढोकेभाऊंच्या तावडीत सापडलो तर आपल्यालाही शिवून टाकतील. भाऊंना त्याचं काही नसे. संध्याकाळी घरी निघताना ते स्टाफरूमच्या दारात उभे राहत आणि एकच प्रश्न विचारत, "झाकलं काय, सर?"

एकदा ते रिठदला मेहुणीच्या पोरीच्या लग्नाला गेले होते. भर पंगतीतून मला फोन. मागे बँड वाजतोय, आणि हे विचारतात, "सर, स्पेक्ट्रोमीटर झाकला काय?" मी तेव्हा घरी लोळत पडलो होतो. आता कोण उठतं, म्हणून म्हणालो, हो झाकला. सोमवारी त्यांनी आल्या आल्या स्पेक्ट्रोमीटरवरून बोट फिरवलं, ते बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "तुमी हो म्हणले होते." बस्स, एवढंच. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. राग धुळीचा नव्हता, मी खोटं बोललो त्याचा होता.

या माणसाचा यंत्रावर फार जीव, आणि जीवापेक्षा विश्वास जास्त. प्रात्यक्षिक परीक्षेत पोरं उत्तर आधी ठरवतात आणि मग त्यावरून निरीक्षणं लिहितात, हे सगळ्या कॉलेजांत चालतं. आमच्याकडेही चालायचं. पण भाऊ टेबलाशी उभे असले की नाही. पोरगं लंबकाशी खटपट करत असायचं, उत्तर भलतंच आलेलं असायचं, आणि हे वरून म्हणायचे, "जे आलं थेच लिव. यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलते." मी कधी चिडवायला म्हणायचो, भाऊ, यंत्रही चुकतं बरं. तेव्हा ते माझ्याकडे असे बघायचे की मीच पुढचं वाक्य गिळायचो.

मला त्यांचा कधीकधी वैताग यायचा, हेही सांगून टाकतो. रासायनिक तराजूच्या काचेच्या पेटीजवळ मी वाकलो की हे खांद्याला हात लावायचे. "सर, श्वास तिकडं सोडा." अरे, मी शिक्षक आहे की जंतू? पण मुकाट्यानं तोंड फिरवायचो. पंचवीस वर्षांत एकही यंत्र त्यांच्या हातून बिघडलं नाही. त्यातली अर्धी यंत्रं फारशी वापरलीच गेली नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ते निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी शहरातल्या एका विद्यापीठाची मंडळी आमच्याकडे आली. लहान गावांतली माणसं रस्त्यानं चालताना प्रत्यक्षात कसली हवा आत घेतात, हे त्यांना मोजायचं होतं. खांबावर यंत्र बसवून मोजलेली हवा वेगळी आणि माणसाच्या नाकाशी येणारी वेगळी, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. गळ्यात अडकवायचं, त्यातून निघालेली बोटभर नळी कॉलरपाशी आणायची, आणि रोज ठरलेल्या रस्त्यानं ठरलेल्या वेळी चालायचं. आत धूळ धरणारी एक पांढरी जाळी. समोर छोट्या पडद्यावर आकडा. गावातून सहा माणसं हवी होती आणि ती निवडायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं नाव मी ढोकेभाऊंचं दिलं. महागाची वस्तू सांभाळावी तर याच माणसानं.

भाऊ लगेच तयार झाले, त्याला कारण होतं. कौसल्यावहिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेत खिचडी शिजवायला जात. सकाळी जायचं, दुपारी यायचं, दोन्ही वेळा मोठ्या सडकेनं. त्या काळात सडक रुंद करायचं काम चाललं होतं. ट्रकांची रांग, मुरमाचा फुफाटा, आणि सकाळी दुकानं उघडली की जो तो आपल्या दारातला पुठ्ठा-प्लास्टिक गोळा करून काडी लावणार. वहिनींना दोन वर्षांपासून खोकला होता. डॉक्टर म्हणाले होते, धूळ-धुरापासून दूर राहा. म्हणजे कुठं राहायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. "आता समजीन," भाऊ मला म्हणाले, "सडकीनं होते का कायनं होते थे. म्या तिच्याच रस्त्यानं चालतो, तिच्याच टायमाले."

मी त्यांना यंत्र दाखवलं. चालू कसं करायचं, चार्जिंग कसं, वहीत आकडा कसा टिपायचा, सगळं सांगितलं. जपून वापरा, फार महाग आहे, हे तर तीनदा सांगितलं. नळीचं तोंड उघडं ठेवा, हे सांगितलं नाही. असं काही सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पावसाळा सरता सरता सुरू केलेलं हे काम तीन महिने चाललं. एक दिवस खाडा नाही. सकाळ-दुपार भाऊ सडकेनं ढांगा टाकत जाताना दिसायचे. ऑटोवाले ओरडायचे, "ओ हवावाले काका, आज कशी हाये हवा?" हे न थांबता हात वर करायचे. महिना संपला की मी त्यांच्या घरी जाऊन वही बघायचो. अक्षर मोत्यासारखं. आकडे लहान. रोज लहान. पहिल्या महिन्यात मला नवल वाटलं, दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं. आपल्या गावाची हवा शहरासारखी नाही, असं मी स्टाफरूममध्ये चार जणांना सांगितलंसुद्धा. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीही आकडा हलला नव्हता. सडकेवर फटाक्यांच्या कागदाचा खच पडलेला, आणि वहीत तोच लहान आकडा. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पगार भौतिकशास्त्राचा घेतो मी.

तिसऱ्या महिन्यात गेलो तेव्हाची गोष्ट. वहिनींनी चहा आणला. बोलताना मध्येमध्ये थांबत होत्या, श्वास गोळा करत होत्या.

"सर, तुमीच सांगा यायले काही," त्या म्हणाल्या. "मांगच्या पांदणीनं, शेतामधून, गेलं तं मले दम लागत नाही. दोन-चार खेपा जाऊन पाह्यलं म्या. पण तिकडं कुत्रे लय, अन् सकाळच्या पाह्यरी माणूस दिसत नाही. म्हटलं, चला मायासंगं अर्धा घंटा, तुमाले काय काम हाये आता. तं नाही म्हणतात."

"कायले जायाचं पांदणीनं?" भाऊ म्हणाले. रागावून नाही, समजावून. "लांबचा फेरा, चिखल, गवत. अन् सडकीची हवा चांगली हाये. हे पाह्य, तीन महिन्याचं लिवलेलं हाये."

"मले आकडा नाही समजत. मायी छाती समजते मले."

"यंत्र खोटं बोलत नाही, अवो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता निकाल मी द्यायचा होता. मी वही उघडली, दोनचार पानं चाळली आणि शहाण्यासारखा म्हणालो, "वहिनी, आकडे तर खरंच चांगले आहेत. शाळेत चूल आहे ना? चुलीचा धूर असेल तो."

त्या उठल्या. कपबश्या उचलून आत गेल्या. मी उठताना कोनाड्यात यंत्र पाहिलं. त्याला निळ्या रेक्झिनचं कव्हर होतं, पडद्यापुरती प्लास्टिकची खिडकी, नळीला वेगळी बाही, आणि बाहीच्या तोंडाला टिचबटण. घरात असताना झाकत असतील, असं मी समजलो. शिवण फार सुबक होती. मी वहिनींना आत ऐकू जाईल असं म्हणालोही, की कव्हर छान झालंय.

त्यानंतर पंधरा दिवसांनी विद्यापीठाची एक मुलगी यंत्रं परत न्यायला आली. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर तिनं सहाही यंत्रं ठेवली आणि एकेक जाळी काढून पाहू लागली. पाच जाळ्या काळ्या निघाल्या, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारख्या. सहावी पांढरी. तिनं ती उजेडात धरली, उलटीपालटी केली.

"काका, ही इतकी स्वच्छ कशी?"

भाऊ खूश झाले. मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं असेल. "जपलं ना," ते म्हणाले. "कव्हर शिवून घेतलं पह्यल्याच दिवशी. एक दिवस उघडं नाही ठेवलं."

"चालतानाही कव्हर होतं?"

"मंग? सडकीवर किती धूळ हाये, पाह्यली काय तुमी?"

तिनं जाळी खाली ठेवली. पलीकडे कोणीतरी नळ सुरू केला होता, त्याचा आवाज येत राहिला. भाऊंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या पाच काळ्या जाळ्यांकडे. हुशार माणूस होता. कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"मंग थे आकडे कायचे होते, सर?"

"कव्हराच्या आतल्या हवेचे," मी म्हणालो.

मुलगी भली होती, हसली नाही. उलट म्हणाली, "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एका माणसाचे आकडे वगळले तरी आमचं काही बिघडत नाही."

"तुमचं नाही बिघडत, बाई," भाऊ म्हणाले आणि स्टुलावर बसले. प्रयोगशाळेत ते कधी बसत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी मला गाठलं. आदल्या दिवशीच त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. लपवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतंच. मी विचारलं, वहिनी काय म्हणाल्या? रागावल्या असतील, असं मला वाटत होतं. मी असतो तर वही चुलीत घातली असती.

"काही नाही म्हणली," भाऊ म्हणाले. "म्हणली, मंग उद्यापासून येता काय संगं?"

ते जाऊ लागले. रोज सकाळी पांदणीनं ते पुढे आणि वहिनी मागे. माझं वावर तिकडेच आहे, म्हणून मला दिसायचे. त्यांच्या हातात कुत्र्यांसाठी काठी, वहिनींच्या हातात डबा. आधी ते सवयीनं वीस पावलं पुढे निघून जायचे, मग थांबून मागे बघायचे. हळूहळू त्यांना तिच्या पायानं चालायला आलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते बहुधा पहिल्यांदाच तिच्या पायानं चालत असावेत.

तीन आठवडे हे चाललं असेल. मग वहिनींना तेही चालणं होईना. वाशीमला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती आणि भाऊ उशाशी उभे होते. खुर्ची होती, तरी उभेच. वहिनींनी मला ओळखलं. "चहा नाही देता येत आता, सर," एवढं म्हणाल्या. संक्रांतीनंतर आठवड्याभरात त्या गेल्या.

सडकेच्या धुरानं गेल्या असं मी म्हणणार नाही. एका बाईवरून असं काही सिद्ध होत नाही, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. चूलही होती, आणखीही काही असेल. त्या तीन महिन्यांनी काय फरक पडला, हे कोणत्याच यंत्राला सांगता यायचं नाही. पण ती बाई अर्ध्या तासाची सोबत मागत होती, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला वही दाखवली. मी तर वर चुलीचं कारणही जोडून दिलं. हे मला अजून छातीवर बसल्यासारखं वाटतं, आणि वाटावंच.

वहिनींचे दिवस झाल्यावर भाऊ एक कागद घेऊन माझ्याकडे आले. विद्यापीठाला लिहिलेला अर्ज होता. शुद्धलेखन तपासून द्या म्हणाले. अर्जात लिहिलं होतं, "माझे सर्व आकडे चुकीचे आहेत, ते कोठेही वापरू नयेत. यंत्रात दोष नव्हता. यंत्राला मी कव्हर घातले होते. चूक माझी आहे." मी म्हणालो, भाऊ, त्यांनी ते आकडे केव्हाच काढून टाकलेत. ते म्हणाले, "काढले असतीन. पण माह्याकून सांगणं राह्यलं ना." मी एक वेलांटी सुधारून दिली. सांगण्यात माझंही नाव हवं होतं, हे मला त्या वेळी कळत होतं. मी बोललो नाही.

आता ते मुलीकडे अकोल्याला असतात. घर विकलं नाही, कुलूप आहे. अकोल्याला जायच्या पंधरा दिवस आधी ते कॉलेजात आले. त्या सहांपैकी एक यंत्र विद्यापीठानं मुलांना दाखवायला म्हणून आमच्याकडेच ठेवलं होतं, ते त्यांना माहीत होतं.

"थे यंत्र द्या मले आठ दिवस."

"आता कशाला, भाऊ?"

"तिचा रस्ता मोजनं राह्यलंच हाये. कव्हराचं तं झालंच, पण म्या माया पायानं चाललो होतो, सर. पंधरा मिन्टात जाऊन पोचो. तिले अर्ध्या घंट्याच्या वर लागे. तिनं किती घेतलं आतमंदी, थे माया चालीनं कसं समजीन?"

शास्त्रानं बघितलं तरी ते बरोबर बोलत होते. जो रस्त्यावर दुप्पट वेळ राहतो, त्याच्या आत दुप्पट जातं. मी कपाट उघडून यंत्र काढून दिलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी मोटरसायकलवरून कॉलेजला चाललो होतो. सडक तोवर रुंद झाली होती, पण ट्रक तेवढेच, उलट जास्त. थंडीमुळे धूर खालीच बसलेला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पुठ्ठे पेटवले होते. नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर भाऊ बसले होते. गळ्यातला दोरा लांब सोडलेला, नळी कॉलरशी नव्हती, पार छातीपाशी खाली आणून बांधली होती. वहिनी त्यांच्या खांद्यालाही लागत नसत, हे मला तेव्हा आठवलं.

मी गाडी थांबवली. "इथं काहून बसले, भाऊ? धूर आहे ना."

"शमीमआपानं सांगतलं," ते म्हणाले. शमीमआपा म्हणजे शाळेत वहिनींसोबत खिचडी करणारी बाई, पुलापलीकडे राहते. "ती रोज बसे इथं. दम लागे म्हणून. मले कधी बोलली नाही, म्या दिसलो का उठून चालू लागे. तीन ठिकानी बसे, पाच-पाच मिन्ट. एक तिकडं पंपाजोळ, एक इथं, अन् एक शाळेच्या आलीकडं."

एक ट्रक गेला, त्याच्यामागे दुसरा. भाऊंनी डोळे मिटून घेतले आणि परत उघडले. आकड्याकडे ते बघत नव्हते. हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

"चला, शाळेपर्यंत सोडतो," मी म्हणालो. "उठा."

"थांबा," ते म्हणाले. "अजून तिचं उठनं झालं नाही."

मी गाडी बंद केली आणि तिथंच उभा राहिलो.